पाठमोरं फूल

३ एप्रिल, बुधवार

"तुझं काम पुढून छान दिसतं."

मी पंधरा वर्षांची असताना आई हे म्हणाली होती. महिनाभर खपून मी क्रोशाचा टेबलावरचा रुमाल विणला होता, अकरा फुलांचा. तिने तो हातात घेतला, उलटा केला, मागे लोंबणारी धाग्यांची टोकं बघितली, पुन्हा सुलटा केला आणि एवढंच बोलली. रागावली असती तर मी विसरून गेले असते. एकतीस वर्षं झाली, अजून काहीही विणून संपवलं की ते वाक्य आधी कानात वाजतं आणि मग मी धागा तोडते.

आज ते आठवायचं कारण म्हणजे आजपासून मी संग्रहालयात लोकांसमोर बसून विणते आहे. दोन महिने. सोमवार, बुधवार, शनिवार अकरा ते एक खालच्या दालनात प्रात्यक्षिक, आणि दुपारी मागच्या खोलीत जुन्या कापडांची दुरुस्ती. शाळेने माझा शिवणकामाचा तास बंद केला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझे हात घरातलीच कामं करत होते.

पहिला अर्धा तास मी पंख्यासाठीच विणलं. मग एका गृहस्थांनी येऊन स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. मग दोघी जावा आल्या. धाकटी म्हणाली, "हे सगळं आता मशीनवर होतं ना?"

"नाही. क्रोशा मशीनला जमत नाही. अजून तरी."

हे मी अशा तोऱ्यात सांगितलं, जसं काही मशीनला मीच बंदी घातली आहे. थोरली धाकटीला म्हणाली, "बघ, तुलाही जमत नाही, मशीनलाही जमत नाही."

घरी सांगितल्यावर लेक हसली. "आई, आता तू पिंजऱ्यातली वाघीण झालीस. लोक तिकीट काढून बघणार." माझी आई लवकरच आडवी झाली. दातवाल्याकडून दमून आली होती. नवी कवळी बसवायची आहे, दर बुधवारी बोलावलंय म्हणे.

८ एप्रिल, सोमवार

आज चादर पाहिली.

पाळण्यावर घालायची चादर आहे, पांढऱ्या सुती धाग्याची, शंभर वर्षांपूर्वीची. चोपन्न फुलं, एकाला एक जोडलेली. एका कुटुंबाने पस्तीस वर्षांपूर्वी संग्रहालयाला दिली. त्यांच्या चार पिढ्या तिच्याखाली झोपल्या. विणली कुणी, ते त्यांनाही माहीत नाही. एका कोपऱ्यातली दोन फुलं उंदराने खाल्ली आहेत. ती मी पुन्हा विणायची, जोडायची, आणि २९ मेला ते कुटुंब येईल तेव्हा चादर काचेच्या पेटीत असायला हवी. नाही जमलं तर भोकामागे जाळीचं कापड लावून तशीच ठेवणार.

हे सगळं भिंगकाकांनी सांगितलं. दुरुस्तीच्या खोलीचे प्रमुख आहेत, गळ्यात दोरीला भिंग, म्हणून सगळे त्यांना तसंच हाक मारतात. ते म्हणाले, "इथे तीनच नियम. जुनं कापायचं नाही. केलेलं लिहून ठेवायचं. आणि दुरुस्ती खपून जाईल अशी करायची, पण शोधणाऱ्याला सापडेल अशी खूण ठेवायची."

"दोन फुलं ना?" मी म्हटलं. "आठवड्यात देते."

त्यांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

आठवडा कधीच उलटून गेला.

फुलं झाली आहेत. मोजून बघितली, टाके बरोबर, आकार बरोबर, धागा हवा तसा. पण चादरीच्या शेजारी ठेवली की बसत नाहीत. आठ पाकळ्यांची फुलं, प्रत्येक पाकळी जराशी कलती. सगळ्या मंडळींनी फोटोसाठी एकीकडे बघावं आणि दोघांनीच दुसरीकडे बघावं, तसं दिसतं. मी सुई बदलली. धागा ओला करून वाळवला. हात सैल सोडून विणलं, घट्ट धरून विणलं. सहा फुलं झाली आणि सहाही तशीच.

हे म्हणाले, "एवढं कुणाला दिसणार आहे?" नवरा प्रेमाने बोलला, मला मात्र ते झोंबलं.

२४ एप्रिल, बुधवार

आज फूल वैतागून टेबलावर टाकलं. ते पालथं पडलं, आणि बसलं. अगदी बसलं! पाकळ्या सगळ्यांसारख्या कलल्या.

म्हणजे मागची बाजू पुढे. जवळून पाहिलं तर टाक्यांचा तो वेणीसारखा उंचवटा दिसत नाही, जरा सपाट वाटतं. पण हातभर लांबून? कुणाला कळणार नाही.

भिंगकाका पंधरा दिवस रजेवर आहेत, मुलीकडे गेलेत. संग्रहालयाच्या मुख्य बाई खोलीत आल्या, चादर पाहिली, म्हणाल्या, "वा! हात आहे तुमच्याकडे."

मी "हो" म्हटलं आणि फुलं पालथी जोडून टाकली. घट्ट.

त्यानंतर चांगलं वाटायला हवं होतं.

१ मे, बुधवार

मुख्य बाईंच्या उत्साहाला उधाण आलं आहे. आज त्यांनी चादर पेटीत घालून खालच्या दालनात माझ्या टेबलाशेजारीच मांडली. गर्दी झाली. दारावरचे मामा तिकिटं फाडता फाडता लोकांना सांगत होते, "आमच्या बाईंनी जोडलंय, ओळखून दाखवा कुठे ते." कुणालाही ओळखता आलं नाही. शाळेतून काढून टाकलेली बाई आज फुलून गेली होती, हे इथे तरी खरं लिहिते.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोपऱ्यातली दोन फुलं पाठमोरी बसलीयत."

मी हातातला कप खाली ठेवला. "तुला कसं कळलं?"

"फोटोत दिसलं."

"कुठला फोटो?"

"दाखवला कुणीतरी." आणि ती चष्मा शोधू लागली. चष्मा तिच्या नाकावरच होता. लेकीला नेमकी त्याच वेळी तहान लागली, ती आत पळाली.

संग्रहालयाने फोटो कुठेतरी टाकला असणार आणि लेकीने आजीला दाखवला असणार. या पोरीच्या पोटात काही राहत नाही.

पण शंभर माणसांना दिसलं नाही ते हिला एका फोटोत दिसलं. एकतीस वर्षांनी पुन्हा तेच. माझं काम पुढून छान. आणि या खेपेला तर पुढची बाजूच मागची.

४ मे, शनिवार

आज एक बाई आली, शहरातली बस चालवते. सुट्टी होती म्हणून फिरत आली होती. पाच मिनिटं उभी राहून म्हणाली, "शिकायचंय, पण माझ्याच्यानं होणार नाही. मी डावरी. लहानपणी सगळ्यांनी हात टेकले माझ्यापुढे."

मी म्हटलं, "शेजारी बसू नका. समोर बसा. आरशात बघतो तसं माझ्याकडे बघा आणि करा."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला आमच्या जुन्या घराची खिडकी दिसली. खिडकीत आई, तिच्यासमोर पाटावर मी. आरशात बघतो तसं बघ, म्हणायची. माझी आई डावरी आहे. जेवते उजव्या हाताने, लिहिते उजव्या हाताने, तिला तसं लावलं गेलं. क्रोशाची सुई तेवढी डाव्या हातात असायची. मी समोर बसून शिकले म्हणून उजव्या हाताने शिकले, आणि जगातली सगळी फुलं माझ्याच दिशेने फिरतात असं आजवर समजत राहिले.

तासाभराने बसवाल्या बाईंचं फूल झालं. वाकडंतिकडं, एक पाकळी शेजारणीच्या डोक्यावर चढलेली. मी ते उचलून पेटीच्या काचेवर ठेवलं. त्याच्या पाकळ्या चादरीतल्या बावन्न फुलांसारख्याच कलल्या होत्या.

"काय झालं?" बसवाली घाबरली. "चुकलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "माझं चुकलंय."

६ मे, सोमवार

भिंगकाका परतले. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. फुलं पालथी जोडली, गप्प बसले, शाबासकी घेतली. सगळं.

त्यांनी भिंगातून चादर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिली. मग म्हणाले, "पंधरा दिवस मुलीकडे काय गेलो, तुम्ही इकडे चादरच उलटी केलीत." मला रडू येणार होतं, ते थांबलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ही चादर मी तीन वेळा धुतली आहे, स्वतःच्या हाताने. पस्तीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही की विणणारी डावरी होती."

मुख्य बाईंना त्यांनीच सांगितलं. त्या नाराज झाल्या आणि तसं स्पष्ट म्हणाल्या. २९ तारीख बदलणार नाही, नाही झालं तर जाळी.

माझे टाके उसवायला अख्खी दुपार गेली. फार घट्ट जोडले होते.

८ मे, बुधवार

आईला म्हटलं, "तू विणून दे ना दोन फुलं. तुझाच हात लागेल त्याला."

"माझा हात राहिला नाही आता."

"प्रयत्न तरी कर."

"उलट्या हाताचं काम कशाला कुणाला दाखवायचं?" तिने विषयच संपवला. कवळीचं विचारलं तर म्हणाली, अजून बसत नाही, पुढच्या बुधवारी पुन्हा बोलावलंय. हे म्हणाले, "एवढ्या फेऱ्यांत हत्तीचे दात बसवून झाले असते." आई चक्क हसली.

तिने सुई का सोडली ते मला माहीत आहे. माझ्या लग्नाआधी घरी पाहुणे होते. आई कोपऱ्यात बसून माझ्यासाठीच काहीतरी विणत होती. आत्याने सगळ्यांदेखत हसून म्हटलं, "आमच्या वहिनीचं सगळंच उलटं. नशीब, पोरगी तरी सुलटी निघाली." सगळे हसले. मीसुद्धा हसले, तेवीस वर्षांची होते, आणि सुलटी होते. आईने विणकाम पिशवीत घातलं. ती पिशवी पुन्हा उघडलेली मी पाहिली नाही.

हे मी आजवर कुठेही लिहिलं नव्हतं.

११ मे, शनिवार

मीच डाव्या हाताने शिकते आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी हाताला पहिलीत घातलंय. सुई हातातून सुटते, धागा बोटांत अडकतो, साखळी गोगलगायीसारखी चालते. समोर बसवाली बसते, तिचं छान चाललं आहे. आज म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण वळण घेताना तुम्ही फार घाबरता." लोक दोघींना बघतात आणि गोंधळतात की शिकवतंय कोण.

दारावरचे मामा मघाशी म्हणाले, "तुमच्या एक चाहत्या आहेत बरं का. एक आजी. दर बुधवारी येतात, तुमच्या पाठीमागे जिन्याखालच्या बाकावर पिशवी घेऊन बसतात, एकला पाच कमी असताना उठून जातात. वरची दालनं बघा म्हटलं तर म्हणतात पाय दुखतात."

"त्या बाकावर पंखा बरा लागतो," मी म्हटलं.

"मला विचारत होत्या, या बाई कायमच्या आहेत की उन्हाळ्यापुरत्या."

म्हणजे बाकासाठी विचारत असतील. माझ्या टेबलामुळे तिथली जागा अडते, हे खरंच आहे.

१४ मे, मंगळवार

आई विणून देणार नाही, हे ठरलेलं आहे. पण संध्याकाळी मी सराव करायला बसले की ती खोलीत काही ना काही काम काढते. आणि एक दिवसाआड एक वाक्य टाकून जाते. एकच.

शुक्रवारी: "धागा करंगळीला दोनदा गुंडाळ."

रविवारी: "श्वास कशाला धरतेस? सुई काय पळून जाणार आहे?"

आज: "उजव्या हाताला गप्प बसायला सांग. मधे मधे करतोय."

तिन्ही वेळा बरोबर होती. मी मान वर करेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलेली असते.

२१ मे, मंगळवार

झाली. दोन फुलं, डाव्या हाताने. आधीची एकोणीस मी डब्यात भरून ठेवली आहेत. भिंगकाका म्हणाले होते की जोडेपर्यंत फुलं तुमचीच, घरी न्यायला हरकत नाही. म्हणून ती घरी आणली, पांढऱ्या कागदात, आणि आईसमोर ठेवली.

तिने हात धुतले. पुसले. फूल उचललं आणि आधी पालथंच केलं. मला ठाऊक होतं तेच करणार. मागच्या बाजूवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. खिडकीशी नेलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा अंगठा फिरवला.

"शेवट कुठे दडवलास गं?"

"शोध."

"सापडत नाही मला."

मग तिला मध्यावर एक निळा टाका दिसला. "हे काय?"

"खूण. दुरुस्ती आहे हे शोधणाऱ्याला कळावं म्हणून."

"म्हणजे आधी दडवायचं, मग आपणच सांगायचं?"

"हो. तसाच नियम आहे."

"बरं आहे तुमच्याकडे," ती म्हणाली. फूल तिने सुलटं करून कागदावर ठेवलं, पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. रात्रीच्या जेवणात ती सगळ्यांना उगाच जास्त वाढत होती.

मला एकतीस वर्षं वाटत होतं की तिला माझं काम आवडलं नव्हतं. आज वाटलं, ती तेव्हा फक्त शेवट शोधत होती आणि माझे अकराच्या अकरा बाहेर लोंबत होते.

२४ मे, शुक्रवार

आज भिंगकाकांसमोर फुलं जोडली. चोपन्न. सगळी एकीकडे बघतात. काकांनी भिंगातून एकेक टाका पाहिला, मग भिंग सोडून दिलं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "आता मला शोधावं लागतंय," ते म्हणाले.

नोंदीच्या कागदावर "पद्धत" अशी एक ओळ असते. मी लिहिलं: डाव्या हाताने, आईकडे बघून.

मग मुख्य बाई आल्या. चादरीच्या पाटीचा मजकूर छापायला जाणार होता. "विणणारी: अज्ञात." मी विचारलं, त्यात एक शब्द वाढवता येईल का? त्यांनी स्वतःच पेनाने लिहिलं: "विणणारी: अज्ञात, डावखुरी."

शंभर वर्षांनी त्या बाईबद्दल एक गोष्ट कळली, आणि ती आम्ही शोधली. मी, एक बस चालवणारी आणि माझी आई. आज घरी येताना मी दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले. एवढा अभिमान बसमध्ये मावला नसता.

२८ मे, मंगळवार

उद्या शेवटचं प्रात्यक्षिक. चादरवालं कुटुंब येणार आहे, धाकट्या बाळासकट. मुख्य बाईंना नवी कल्पना सुचली आहे: त्यांना दाखवायचं की ही चादर कशी विणली गेली असेल. दोघी समोरासमोर बसतील, एक उजव्या हाताने विणेल, एक डाव्या. दोघींच्या सुईखालची फुलं दोन दिशांनी फिरतील. माझ्या जोडीला बसवालीला सांगणार होतो, पण उद्या तिची बसवर ड्युटी आहे.

"डाव्या हाताचं कुणी आहे का तुमच्या ओळखीत?" बाईंनी विचारलं. "चांगला हात हवा."

मी म्हटलं, एक आहे, पण येणार नाही.

दारावरच्या मामांना त्या आजींसाठी निरोप देऊन ठेवला आहे की उद्या त्यांच्या बाकावर पाहुणे बसतील, त्यांना दुसरी खुर्ची द्या. मामा म्हणाले, "उद्या बुधवार, त्या येणारच."

आई आत बसली आहे. आज दुपारी कपाट आवरलं म्हणते. पलंगावर तिची जुनी पिशवी पडली आहे, ती विणकामाची, बहुतेक टाकून द्यायला काढली असावी. मघापासून मी तीनदा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. काय म्हणेल ते मला पाठ आहे. म्हणेल, लोकांसमोर? या वयात? उलट्या हाताने? आणि हे सगळं म्हणून झाल्यावर म्हणेल, उद्या बुधवार, मला दातवाल्याकडे जायचंय.

तरी लिहून उठते आणि जाऊन विचारते. वाक्य इथे आधी नीट मांडून ठेवते, म्हणजे दारात अडखळणार नाही:

आई, उद्याचा दिवस दातवाल्याला नाही म्हण आणि माझ्यासमोर येऊन बस. सगळ्यांदेखत. मी आरशात बघतात तसं तुझ्याकडे बघून विणीन. बसशील?